पांढऱ्या बॅकग्राउंडवर प्रॉडक्ट फोटो कसे काढायचे? खिडकी, कार्डशीट आणि तुमचा फोन

माझी मावशी सांगलीत खणाच्या पर्स, बटवे आणि नथी विकते. आधी फक्त ओळखीत विकायची, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि नंतर एका मोठ्या शॉपिंग साइटवर. तिथे मुख्य फोटोला पांढरं बॅकग्राउंड लागतं. मावशीचे फोटो म्हणजे हॉलमधला सोफा आणि वर पिवळा बल्ब. घरात एक इंजिनिअर आहे म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात बसून एका रात्रीत स्क्रिप्ट लिहिली. ६० फोटो घ्यायचे, मागचं सगळं उडवायचं, पांढरं टाकायचं, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवायचा आणि सेव्ह करायचं. चहा होईपर्यंत काम झालं. फोटो इतके चकाचक दिसत होते की मी ते ऑफिसच्या ग्रुपवर पण टाकले.

दिवाळीत ऑर्डर आल्या. दिवाळीनंतर पार्सलं परत यायला लागली. वाइन रंगाची पर्स फोटोत लालभडक दिसत होती, आणि एका बटव्याचे रेशमी गोंडे फोटोतून चक्क गायब झाले होते. एकूण ११ नग परत आले. परतीचं कुरिअर मावशीच्या हिशेबातून कापलं गेलं. साइटचं नाव सांगण्यात अर्थ नाही, चूक पूर्णपणे माझी होती. मावशी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "फोटो छान होते गं, पण ती पर्स माझी नव्हती."

त्यानंतर आम्ही सगळे फोटो पुन्हा काढले, आणि या वेळी पद्धत उलटी केली. बॅकग्राउंड नंतर अ‍ॅपने उडवायचं नाही, फोटो काढतानाच ते पांढरं ठेवायचं. अ‍ॅप फक्त शेवटचा हात फिरवायला. खाली जे काही आहे ते याच कामातून आलंय.

पांढरं म्हणजे किती पांढरं?

डोळ्याला पांढरा दिसणारा कागद फोटोत बहुतेक वेळा राखाडी असतो. डिजिटल फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येकी ० ते २५५. तिन्ही २५५ असले की शुद्ध पांढरा. अ‍ॅमेझॉनसारख्या साइटला मुख्य फोटोत नेमका हाच पांढरा हवा असतो. शिवाय वस्तूने फ्रेमचा साधारण ८५ टक्के भाग व्यापायला हवा, फोटोवर मजकूर, लोगो किंवा वॉटरमार्क नको, आणि झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. बाकीच्या साइट्सचे नियम थोडेफार वेगळे असतात, ते त्यांच्या सेलर पेजवर वाचून घ्या.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगसाठी असा पांढऱ्याचा नियम नाही. तिथे हलका राखाडी किंवा क्रीम रंगही छान दिसतो. पण दहा वस्तू एकाखाली एक दिसतात तेव्हा बॅकग्राउंड सगळीकडे सारखं असेल तर दुकान नीटनेटकं वाटतं. म्हणून एकच सेटअप ठरवा आणि तोच ठेवा.

पांढरं खरंच पांढरं झालंय का हे तपासायची सोपी युक्ती सांगते. फोटो एका कोऱ्या पांढऱ्या डॉक्युमेंटमध्ये टाका आणि स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण करा. फोटोची चौकट दिसली तर तो पांढरा नाही. चौकट कुठे संपते ते कळलंच नाही, तर झालं काम.

खिडकी, कार्डशीट आणि कपड्यांचे चिमटे

ऑनलाइन मिळणारे लाइट बॉक्स आम्हीही बघितले होते. लहान दागिन्यांना ते ठीक आहेत, पण स्वस्तातल्या बॉक्सचे एलईडी रंग बिघडवतात आणि पर्स त्यात मावत नाही. शेवटी आमचा खर्च झाला तो दोन मोठ्या मॅट कार्डशीट आणि एका फोम बोर्डाचा. चिमटे घरचेच होते. कार्डशीट घेताना ती चकचकीत नाही ना, हे बघा, नाहीतर तिच्यावर खिडकीचा डाग उमटतो.

टेबल खिडकीला असं लावा की उजेड वस्तूवर बाजूने येईल. खिडकी तुमच्या पाठीशी असली तर तुमचीच सावली पडते, आणि वस्तूच्या मागे असली तर वस्तू काळी दिसते. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, तिच्यातून थेट ऊन जवळपास येतच नाही. आमच्याकडे पूर्वेची होती, म्हणून खिडकीवर आजोबांचं जुनं पांढरं धोतर टांगलं. ऊन त्यातून गाळून येतं, सावल्यांच्या कडा मऊ होतात. ट्रेसिंग पेपरही चालतो. फक्त कापड नीळ घातलेलं नको, फोटोला तीच झाक येते.

कार्डशीटचं एक टोक टेबलावर पसरा आणि दुसरं मागे खुर्चीच्या पाठीला चिमट्यांनी अडकवा. मधे घडी पाडायची नाही, कागद घसरगुंडीसारखा वळू द्यायचा. त्यामुळे टेबल आणि भिंत यांच्या मधली रेघ फोटोत येत नाही. वस्तू मागच्या वळणापासून फूटभर पुढे ठेवा, म्हणजे तिची सावली मागच्या भागावर पडणार नाही.

आता खिडकीकडची बाजू उजळ आणि दुसरी अंधारी दिसेल. त्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, फोम बोर्ड उभा करा. तो खिडकीचा उजेड परत वस्तूवर टाकतो. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल पडून असेल तर तोही चालेल. बोर्ड जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद. यात पाच मिनिटं घालवा, कारण हे नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये इतकं चांगलं करता येत नाही.

आणि खोलीतले बाकीचे सगळे दिवे बंद. ही गोष्ट लोकांना पटत नाही. "अजून उजेड मिळेल ना!" मिळेल, पण वेगळ्या रंगाचा. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, आणि कूल डेलाइट ट्यूब ६५०० ची. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की पर्सची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर होते. मग व्हाइट बॅलन्सचा एक स्लायडर दोन्ही बाजू एकदम सुधारू शकत नाही. एकीकडे बरोबर केलं की दुसरीकडे बिघडतं.

भिंतीही विसरू नका. मावशीच्या हॉलची एक भिंत पोपटी आहे. पहिल्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत पर्सच्या एका कडेला हिरवट झाक होती आणि मी तासभर कॅमेऱ्याला दोष देत बसले होते. त्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि झाक गेली. फोटो काढताना गडद रंगाचा टी-शर्ट घालत असाल तर काळा किंवा करडा बरा. लाल टी-शर्ट चमकदार वस्तूत सरळ दिसतो.

ढगाळ दिवस यासाठी फार चांगला, सगळं आभाळच मोठा दिवा होतं. पण ढग सारखे हलत असतील तर एका वस्तूचे सगळे फोटो सलग काढून घ्या. रात्रीच काढावे लागणार असतील तर एकाच कंपनीचे, एकाच केल्विनचे दोन एलईडी बल्ब घ्या आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलंय का बघा. हा आकडा त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात ते सांगतो. साध्या बल्बवर तो बऱ्याचदा ८० च्या आसपास असतो, आणि कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल रंगाची कपडे सगळ्यात जास्त फसवतात.

फोन काय करतो आणि त्याला कसं थांबवायचं

कॅमेऱ्याला समोर काय आहे हे माहीत नसतं. तो साधारण असं गृहीत धरतो की दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असावी. समोर पांढरी कार्डशीट आली की त्याला वाटतं उजेड फारच आहे, आणि तो फोटो गडद करतो. म्हणूनच पांढरा कागद राखाडी येतो. फोन बिघडलेला नसतो, कागदही जुना नसतो.

उपाय सोपा आहे. वस्तूवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग शेजारी येणारा सूर्याचा स्लायडर थोडा वर न्या. अँड्रॉइडच्या प्रो मोडमध्ये ईव्ही असं लिहिलेलं असतं, ते अधिक ०.७ ते १.३ च्या दरम्यान ठेवून बघा. कागद पूर्ण २५५ झालाच पाहिजे असा हट्ट इथे नको. २३५ ते २४५ पर्यंत आला तरी पुरे, बाकीचं नंतर होतं. जास्त ताणलंत तर वस्तूचे उजळ भाग जळून जातात, आणि जळलेला भाग परत येत नाही.

बाकी सेटिंग पटापट सांगते. लेन्स मऊ कपड्याने पुसा, निम्मे धुरकट फोटो तिथेच सुधारतात. पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो सॉफ्टवेअरने कडा ओळखून मागचं धूसर करतो आणि त्यात पट्टे, गोंडे खाल्ले जातात. ब्युटी, फिल्टर, एआय सीन, व्हिव्हिड कलर, सगळं बंद. फ्लॅश तर नकोच.

फोन वस्तूच्या अगदी जवळ नेऊ नका. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, जवळून काढलं की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आकसतो. चौकोनी पर्स मग खालून निमुळती दिसते. दोन-तीन फूट मागे या आणि टू एक्स वापरा, फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर अधिकच चांगलं. मागे आल्यावर वस्तूचा पुढचा आणि मागचा भाग दोन्ही स्पष्ट येतात, हा आणखी एक फायदा. फोन पुस्तकांच्या ढिगाला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. आम्ही पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवला होता, ट्रायपॉड नंतर आला.

खणाचा रंग

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच गेले होते.

खण हे कापड रंगाच्या बाबतीत खट्याळ आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं हे विणकाम, आपल्याकडे चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतील तर कापड हलवलं की रंग बदलतो. वाइन रंगाचा खण एका कोनातून जांभळा दिसतो, दुसऱ्यातून लालसर. मग खरा रंग कोणता? दोन्ही! म्हणून एका फोटोत तो दाखवायचा प्रयत्न सोडून द्यायचा. आता मावशी प्रत्येक पर्सचे तीन फोटो ठेवते. एक समोरून, एक तिरका, आणि एक खिडकीपाशी हातात धरलेला. हातातला फोटो पांढऱ्यावर नसतो, तो मुख्य फोटो नसतोच. पण माणसाच्या त्वचेचा रंग सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे शेजारच्या कापडाचा अंदाज बरोबर येतो.

दुसरी भानगड ऑटो व्हाइट बॅलन्सची. फ्रेममध्ये एकच गडद रंग भरून राहिला की फोनला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि तो उलटी झाक टाकून 'सुधारणा' करतो. पर्स वाइनची तपकिरी होते. यावर उपाय म्हणजे ओळखीचा पांढरा तुकडा. प्रत्येक वस्तूचा पहिला फोटो काढताना शेजारी पांढरा तुकडा ठेवा, मग तो काढून पुढचे फोटो घ्या. नंतर स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्स उघडून ड्रॉपरने त्या तुकड्यावर टॅप केलं की रंग जागेवर येतो. त्या बदलाचे आकडे लक्षात ठेवून तेच बाकीच्या फोटोंना लावा.

हा तुकडा कशाचा? झेरॉक्सचा कागद घेऊ नका. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं असतात, जी उन्हातला अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड टाकतात. हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप मिळते. एका पुठ्ठ्यावर तिचे आठ-दहा थर गुंडाळा. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परत फेकतं, प्रयोगशाळेतले पांढऱ्याचे नमुनेही याच जातीच्या पदार्थाचे असतात. एवढ्या स्वस्तात इतकी विश्वासू गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही.

तिसरं, लाल, राणी आणि केशरी रंगात एक वेगळाच त्रास होतो. बाकी फोटो ठीक असतो, पण त्या कापडात लालचा आकडा आधीच २५५ ला जाऊन धडकतो. मग त्यातली वीण, नक्षी, सगळं सपाट होतं आणि पर्स प्लास्टिकची वाटते. झूम करून वीण दिसत नसेल तर एक्स्पोजर थोडं खाली आणा. कागद राखाडी होईल, होऊ द्या. कापड महत्त्वाचं, कागद नंतर उजळता येतो.

शेवटी तपासणी. फोनचा आय कम्फर्ट किंवा नाइट लाइट बंद करा, स्क्रीन मोड व्हिव्हिडऐवजी नॅचरल ठेवा, आणि खिडकीपाशी बसून खरी वस्तू स्क्रीनशेजारी धरा. शक्य असेल तर दुसऱ्या, स्वस्तातल्या फोनवरही बघा, कारण गिऱ्हाइकाकडे तोच असू शकतो. आमच्याकडे रंगाचा शेवटचा निर्णय मावशीचा असतो. तिनं "हा माझाच खण" म्हटल्याशिवाय फोटो वर जात नाही.

बॅकग्राउंड उडवणारी अ‍ॅप्स आतून काय करतात

रिमूव्ह डॉट बीजी ही साइट २०१८ मध्ये आली आणि तेव्हापासून एका क्लिकवर बॅकग्राउंड जाणं ही नेहमीची गोष्ट झाली. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून फोटोतल्या वस्तूवर बोट दाबून धरलं की ती कापून घेता येते. कॉम्प्युटरवर रेमबीजी नावाचं मोफत टूल आहे, माझी ती स्क्रिप्ट यावरच होती. या सगळ्यांत एक न्यूरल नेटवर्क फोटो बघून 'मुख्य वस्तू कोणती' याचा अंदाज करतं आणि एक मास्क तयार करतं. मास्कमध्ये पांढरं म्हणजे ठेवा, काळं म्हणजे उडवा, मधला राखाडी म्हणजे अर्धवट.

रेमबीजीत मी वापरलेलं मॉडेल होतं यू-स्क्वेअर-नेट, २०२० चं. हे मॉडेल तुमचा फोटो आधी ३२० बाय ३२० पिक्सेलपर्यंत लहान करतं, त्यावर मास्क बनवतं, आणि तो मास्क ताणून मूळ फोटोवर बसवतं. ४००० पिक्सेलच्या फोटोत गोंड्याचा धागा पाच पिक्सेल जाड असेल, तर लहान केल्यावर तो अर्ध्या पिक्सेलपेक्षाही बारीक उरतो. मॉडेलला तो दिसतच नाही! मावशीचे गोंडे असे गेले. नथीच्या तारेतली पोकळी बुजली तीही अशीच. आयएसनेट, बिरेफनेट ही नंतरची मॉडेल १०२४ बाय १०२४ वर काम करतात, त्यामुळे बरीच सुधारणा दिसते. तरी बारीक धागा, जाळी, काच, यात चुका होतातच.

पण खरा मुद्दा कडेचा आहे. कडेवरचा पिक्सेल कधीच पूर्ण वस्तूचा नसतो. त्यात थोडी वस्तू आणि थोडं मागचं मिसळलेलं असतं. त्या पिक्सेलबद्दल आपल्याला तीन आकडे माहीत असतात, लाल, हिरवा, निळा. शोधायचे असतात सात. वस्तूच्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन, आणि मिश्रणाचं प्रमाण एक. शाळेतल्या गणितातही तीन समीकरणांत सात अज्ञात सुटत नाहीत, त्यामुळे कुठलंही अ‍ॅप इथे अंदाजच करतं. अंदाज चुकला की मागच्या तपकिरी सोफ्याची बारीक किनार पर्सभोवती राहते, आणि पांढऱ्यावर ती लगेच डोळ्यात भरते.

आता विचार करा, मागे आधीच पांढरी कार्डशीट असेल तर काय होईल? किनार राहिली तरी ती पांढरीच! पांढऱ्यावर पांढरी किनार कुणाला दिसते? म्हणजे तेच अ‍ॅप, तोच अंदाज, पण चूक लपली. (एकच वस्तू दोन वेगळ्या रंगांच्या बॅकग्राउंडवर, कॅमेरा न हलवता काढली तर हे गणित खरंच सुटतं. स्मिथ आणि ब्लिन यांनी १९९६ मध्ये ते मांडलं होतं. घरी करून बघायला मजा येते, साठ पर्ससाठी कुणी करू नये.)

त्याहून चांगलं म्हणजे कापायचंच नाही. कार्डशीट २४० च्या आसपास आली असेल तर स्नॅपसीडमधलं कर्व्हज उघडा आणि वरचा उजवा बिंदू हळूहळू डावीकडे सरकवा. कागद पांढरा होतो आणि वस्तूखालची खरी सावली टिकते. वस्तूही जास्त उजळली तर एडिट्सच्या यादीत जाऊन त्या बदलाचा ब्रश निवडा आणि बदल फक्त कागदावर फिरवा. सावली टिकवणं महत्त्वाचं आहे, कारण कापून चिकटवलेली वस्तू हवेत तरंगल्यासारखी दिसते. अ‍ॅपमधली तयार सावली बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला पडते.

कापावंच लागलं तर नंतर ३०० टक्के झूम करून तीन जागा बघा. पट्ट्याच्या आतली पोकळी, धागे आणि गोंडे, आणि वस्तूचा तळ. चुका तिथेच सापडतात.

नथ, पितळ, काच आणि पांढऱ्यावर पांढरं

नथ लहान असली तरी सगळ्यात जास्त वेळ तिनंच घेतला. मोत्यात आख्खी खोली दिसते, फोन धरलेला हातसुद्धा. आम्ही दुधी रंगाचा प्लास्टिकचा डबा उपडा ठेवला, वरच्या बाजूला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि आत नथ ठेवली. आता मोत्यात फक्त पांढरं दिसतं. पण मग मोती इतके पांढरे झाले की कागदात हरवले. त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या आत दोन बाजूंना काळ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या लावायच्या. मोत्याच्या कडेला त्यांची बारीक गडद रेघ उमटते आणि गोलाई परत येते. नथ उभी दाखवायची असेल तर बारीक तंगूसने टांगा, दोरा नंतर हीलिंग टूलने पुसता येतो.

काचेच्या बरणीतलं लोणचं, तेल, मध विकत असाल तर उजेड मागून येऊ द्या, म्हणजे आतला पदार्थ उजळतो. बरणीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमबाहेर, काळा पुठ्ठा उभा केला की काचेची कड स्पष्ट होते. बॅकग्राउंड उडवणाऱ्या अ‍ॅपच्या नादी इथे लागूच नका. काचेतून मागचं दिसतं, ते अ‍ॅपला कसं कळणार?

पितळेच्या समईत स्वतःचं तोंड दिसत असेल तर मागे या आणि टू एक्स वापरा, तेवढ्यानं बरंच सुटतं. पांढरा कुर्ता किंवा पांढरी भरतकामाची ओढणी असेल तर कागद मुद्दाम थोडा राखाडी ठेवा आणि फक्त कागदच ब्रशने उजळवा.

एआयनं बनवलेलं बॅकग्राउंड

आता अ‍ॅपमध्ये 'संगमरवरी टेबलावर ठेव', 'पणत्यांच्या उजेडात दाखव' असं सांगितलं की तसा फोटो तयार होतो. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी मजा म्हणून ठीक. पण यातली बरीच टूल्स वस्तूलाही हात लावतात. पर्सची नक्षी 'सुधारली' जाते, शिवण सरळ होते, कडी मोठी होते. मुख्य फोटोसाठी मी ते वापरत नाही. शिवाय ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम, २०२० सांगतात की जाहिरात केली तशी वस्तू नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. फोटो हीसुद्धा जाहिरातच आहे. म्हणजे नक्षी एआयनं बदलली तरी परतीचा खर्च तुमचाच.

फाइल सेव्ह करताना

चौरस फोटो, २००० बाय २००० पिक्सेल, जेपीईजी, क्वालिटी ८५ ते ९०. यात जवळपास सगळीकडचं काम होतं. पारदर्शक बॅकग्राउंड जेपीईजीमध्ये टिकत नाही, ते अनेकदा काळं होतं. पारदर्शक हवं असेल तर पीएनजी ठेवा, आणि साइटवर टाकताना पांढरं भरून जेपीईजी करा.

आयफोन एचईआयसी फाइल आणि डिस्प्ले पी३ रंग वापरतो. काही साइट्सना हे नीट वाचता येत नाही आणि रंग फिके पडतात. एडिटरमधून बाहेर काढताना एसआरजीबी निवडा.

फोटो एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, ते दाबून लहान केले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पण त्याबरोबर फोटो कुठे काढला ते लोकेशनही जाऊ शकतं. घरातूनच धंदा करत असाल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करूनच फोटो काढा.

फाइलच्या नावात वस्तू, रंग आणि फोटोचा क्रमांक लिहा. मावशीच्या फोल्डरमध्ये त्या पर्सचं नाव आता 'वाइन, उन्हात जांभळी' असं आहे, आणि साइटवरच्या वर्णनातही तिनं तेच शब्द टाकलेत.